लोकरीचा बाळंतविडा: पहिली बंडी आणि टोपडं

मैत्रिणीला दिवस गेल्याचं कळलं की हात शिवशिवायला लागतात. पहिल्यांदाच सुया धरणारी बाई एकदम स्वेटर, टोपडं, मोजे, दुपटं असा अख्ख्या बाळंतविड्याचा बेत करते. मग निम्मं अपुरं राहतं आणि जे पुरं होतं ते बाळाला येत नाही. पहिल्या खेपेला बिनबाह्यांची, पुढून उघडणारी एक बंडी विणावी. वेळ उरला तर त्याच लोकरीचं टोपडं. इथे या दोनच वस्तू टाक्यांच्या हिशोबासकट दिल्या आहेत. मोजे मुद्दाम सोडले आहेत: दोन्ही एकसारखे उतरायला हात बसलेला लागतो, आणि बाळ ते दहा मिनिटांत लाथाडून काढतं.

माप कोणत्या महिन्याचं?

जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो, छाती त्याहून एखाद-दोन सेंटीमीटर कमी. त्या मापाचं विणू नका. आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिले दहा-बारा दिवस बाळाला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कपड्यातच ठेवतात. नवं अंगावर चढतं ते बारशाला, आणि पुढच्या महिन्याभरात ते माप तोकडं पडतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांचं माप धरा: छाती ४२-४३ सेंमी, डोकं ४१-४३ सेंमी. बंडीच्या आत सुती झबलं असणारच, त्यामुळे बटणं लावल्यावर बंडीचा घेर ५० सेंमी हवा.

आता बाळंतपणाचा महिना विचारून घ्या आणि त्यात चार मिळवा. बंडी अंगाला बरोबर बसेल तो हा महिना. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मणारं बाळ नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे बेळगाव-खानापूरच्या ऐन थंडीत बंडी घालेल. तिथे लोकर हवीच. डिसेंबर-जानेवारीचं बाळ चार महिन्यांचं होईल तेव्हा एप्रिल-मे आलेला असेल, आणि लोकरीची बंडी पेटीत पडून पुढच्या थंडीपर्यंत लहान होईल. अशा बाळासाठी एक तर सुती धाग्याची विणा, नाही तर सरळ एका वर्षाच्या मापाची. ते मापही खाली दिलं आहे. अथणी-रायबागकडचा कोरडा उन्हाळा किंवा कारवारचा दमट किनारा असेल तर बाराही महिने सुती धागाच बरा. सुती वीण ताणली जात नाही, पण वजनाने लांबीला खाली उतरते. म्हणून सुती बंडीची लांबी एक सेंटीमीटर कमी ठेवावी.

लोकर आणि सुया

बाळासाठी मऊ ॲक्रिलिक ‘बेबी’ लोकर घ्यावी. वर्धमान, ओसवाल, गंगा यांपैकी जी मिळेल ती चालेल. अस्सल मेंढीची लोकर उबदार खरी, पण ती गरम पाण्यात चोळून धुतली की आकसून नमद्यासारखी घट्ट होते. बाळंतिणीच्या घरी कपडे कोण आणि कसे धुणार हे आपल्या हातात नसतं. शिवाय आपल्याकडे श्रावणात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, आणि ॲक्रिलिक पाणी कमी धरतं. केसाळ लोकर, जरीची तार असलेली लोकर आणि टिकल्यांची लोकर बाळाला नकोच: केस तोंडात जातात, तार गालाला टोचते. दुकानात लोकरीचा गुंडा हातावर नव्हे, गळ्याला किंवा गालाला लावून बघा. तळहाताला खरखर कळत नाही.

बंडीला सुमारे ६० ते ७० ग्रॅम लागेल, टोपड्याला २५ ते ३०. एकदम १५० ग्रॅम घ्या आणि सगळ्या वेष्टनांवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते तपासा. नंतर तोच रंग म्हणून आणलेला गुंडा दुसऱ्या लॉटचा निघाला तर बंडीवर आडवा पट्टा दिसतो, आणि तो धुऊनही जात नाही. बेळगावात गणपत गल्ली किंवा खडेबाजारला खरेदीला जाल तेव्हा रंग दुकानाच्या दिव्याखाली न ठरवता दारात येऊन उजेडात बघा.

मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, आणि १९९४ च्या कायद्याने विचारताही येत नाही. त्यामुळे हळदी, पिस्ता, आकाशी, शेंदरी असे रंग बरे. काळा पहिल्या बंडीला टाळावा: काही घरांत तो बारशाला चालत नाही, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे काळ्या लोकरीत नवख्या डोळ्याला टाका दिसत नाही. संक्रांतीच्या बोरन्हाणाला मात्र काळाच लागतो. तो दुसऱ्या वर्षीच्या हाताला सोपवा. गडद जांभळ्यालाही हेच लागू. फिकट, एकरंगी लोकरीत चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते.

सुया १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिमी जाडीच्या, आणि ३५ सेंमी लांब घ्या. २५ सेंमीच्या सुयांवर १२६ टाके दाटीवाटीने बसतात आणि टोकावरून निसटतात. गोल सुई मिळाली तर तिच्यावरही पुढे-मागे वळून विणता येतं. याशिवाय क्रोशाची बारीक सुई (निसटलेला टाका वर आणायला), बोथट टोकाची दाभणासारखी सुई, टेप, दोन मोठ्या सेफ्टीपिना आणि १० ते १२ मिमीची तीन चपटी बटणं, वर एक जादा.

नमुन्याशिवाय सुरुवात नको

हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळणाऱ्याचीच बंडी फसते. ३२ टाके घाला आणि ५६ ओळी नुसत्या सुलट (दोरा सुईच्या मागे ठेवून) विणा, दोन्ही बाजूंनी सुलटच. या विणीत दर दोन ओळींमागे एक आडवा कंगोरा दिसतो, त्यामुळे ओळी मोजण्यापेक्षा कंगोरे मोजणं सोपं. तुकडा धुऊन, सपाट वाळवून, कडेचे टाके सोडून मधोमध १० सेंमी मोजा. त्यात २४ टाके आणि २४ कंगोरे यायला हवेत.

२८ टाके आले तर हात घट्ट आहे. अशा हाताने घातलेले १२६ टाके ५२ ऐवजी ४५ सेंमी भरतात, आणि बटणपट्टी एकावर एक आल्यावर उरतात ४३. म्हणजे छातीला तंतोतंत, झबल्याला जागाच नाही. अशा वेळी ९ नंबरची (३.७५ मिमी) सुई घ्या. २१-२२ टाके आले तर ११ नंबर (३ मिमी). दोरा मुद्दाम ओढून किंवा सैल सोडून माप जुळवू नका, पाचव्या ओळीनंतर हात आपल्या मूळ सवयीवर येतोच.

बंडी: खालचा भाग

बंडी खालून वर, पाठ आणि दोन्ही पुढे एकत्र धरून एकाच तुकड्यात विणायची आहे. बाजूला शिवण येत नाही, आणि शिवण नाही म्हणजे काखेत बोचणारा गाठोडा नाही.

१२६ टाके घाला. हे टाके दोन सुया एकत्र धरून घाला आणि मग एक सुई ओढून काढा. नवख्या हाताचे पहिले टाके हमखास आवळलेले असतात, मग खालचा काठ आत ओढला जातो आणि बंडी पोटावर फुग्यासारखी उभी राहते. मग ३४ कंगोरे होईपर्यंत, म्हणजे ६८ ओळी, सुलट विणत जा. एवढ्यात १४ सेंमी लांबी होते. नवख्या हाताला एका ओळीला पाच-सहा मिनिटं लागतात. रोज तासभर दिला तर पूर्ण बंडीला दोन-अडीच आठवडे धरा. डोहाळजेवणाच्या सुमारास, सातव्या महिन्यात सुरुवात केली तर घाई होत नाही.

दर दहा ओळींनी टाके मोजा. १२६ चे १२८ झाले तर चूक बहुधा काठाला असते: ओळ वळताना दोरा सुईच्या वरून मागे गेला की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि दोन म्हणून विणला जातो. ओळ सुरू करताना दोरा खालच्या बाजूला ओढून धरा, ही भानगड होत नाही. टाके कमी भरले तर कुठे तरी टाका सुटला आहे. त्याच्या खाली शिडीसारखी आडवी सुतं दिसतात. क्रोशाच्या सुईने एकेक सूत टाक्यातून ओढून वर आणायचं, पण या विणीत एक सूत पुढून आणि पुढचं मागून घ्यावं लागतं, नाहीतर तिथे कंगोरा तुटलेला दिसतो. ओळीच्या मध्ये हात थांबवू नका. परत आल्यावर कोणत्या दिशेने चाललो होतो ते कळत नाही आणि उलट्या बाजूला वळून विणलं की कापडात भोक पडतं.

नवा गुंडा जोडायचा तो काठाला. मध्ये गाठ मारली तर ती बाळाच्या पाठीला टोचते. जोडाला १५ सेंमीची दोन्ही टोकं ठेवा, ती नंतर आत ओवायची आहेत.

काजं २८ व्या, ३८ व्या आणि ४८ व्या कंगोऱ्याला. दोन्ही पुढांना करा, एकाच बाजूला नाही. मुलगी असेल तर उजव्या बाजूची काजं ठेवतात, मुलगा असेल तर डाव्या. जी नको ती काजं बारशाच्या आदल्या दिवशी त्यांच्यावरच बटण शिवून बुजवायची. पद्धत अशी: ओळीच्या सुरुवातीला ३ सुलट, सुईवर दोऱ्याचा एक वळसा, मग २ टाके एकत्र. ओळीच्या शेवटी ५ टाके उरले की २ टाके एकत्र, एक वळसा, ३ सुलट. वळसा टाके जेवढे कमी झाले तेवढे भरून काढतो, म्हणून मोजणी बदलत नाही. २८ च्या खाली बटण नको: लंगोटाच्या फुगवट्यावर पट्टी उघडी राहिलेलीच बरी.

मुंढे आणि गळा

६९ वी ओळ वाटणीची. २७ टाके सुलट विणा, पुढचे १२ बंद करा, मग पाठीचे ४८ विणा (बंद करताना सुईवर उरलेला एक टाका यात धरायचा), पुन्हा १२ बंद, आणि शेवटी २७. आता सुईवर तीन वेगळे भाग आहेत: २७, ४८, २७. ज्या २७ वर दोरा आहे तो पुढा आधी विणायचा. बाकीचे दोन भाग सेफ्टीपिनांवर घालून ठेवा.

वाटणीनंतर या पुढ्याच्या ३४ ओळी साध्या विणा, काजं विसरू नका. मग बटणपट्टीच्या काठाने ओळ सुरू होईल तेव्हा ८ टाके बंद करा, १९ राहतील. त्यानंतर गळ्याच्या बाजूने एक ओळ सोडून एक, अशा सात वेळा २ टाके एकत्र घेऊन १ टाका कमी करा. खांद्याला १२ उरतात. वाटणीनंतरच्या ५२ ओळी पुऱ्या करून ते बंद करा. दुसऱ्या पुढ्याला दोरा काखेतून जोडावा लागतो, त्यामुळे गळ्याची ओळ एकने उशिरा येते. या विणीत तो फरक दिसत नाही. पाठीच्या ४८ टाक्यांच्या ५२ ओळी सरळ विणून सगळे बंद करा: दोन्ही कडांचे १२-१२ खांद्यांचे, मधले २४ गळ्याचे. टाके बंद करताना एका नंबराने जाड सुई (१० ऐवजी ९) वापरा, नाहीतर गळा आणि मुंढा आवळतो.

खांदे आतून शिवा, दोरा फार ओढू नका. सगळी टोकं पाच-सहा सेंटीमीटर तिरकी ओवून, परत उलट दिशेला थोडी ओवून मग कापा. सरळ एकाच दिशेला ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं, आणि मोकळं सूत बाळाच्या बोटाला करकचून गुंडाळलं जाऊ शकतं. हे टोपडं-मोज्यांच्या आतल्या बाजूलाही तितकंच लागू आहे. बटणं लोकरीने नाही, शिवणाच्या मजबूत दोऱ्याने शिवा, आणि शिवून झाल्यावर जोराने ओढून बघा. बाळ चौथ्या महिन्यानंतर सगळं तोंडात घालतं.

एका वर्षाच्या मापाला १३८ टाके घाला आणि ४० कंगोरे झाल्यावर वाटणी करा: ३०, १२ बंद, ५४, १२ बंद, ३०. वाटणीनंतर ४० ओळींनी गळा: ८ बंद, मग आठ वेळा १ कमी, खांद्याला १४. एकूण ६० ओळी. काजं ३१, ४४, ५७ व्या कंगोऱ्याला. लोकर ९० ग्रॅम धरा.

टोपडं

टोपडं एक ओळ सुलट, एक ओळ उलट (दोरा सुईच्या पुढे ठेवून) अशा विणीचं आहे. तिच्यात त्याच सुयांवर १० सेंमीत साधारण २६ टाके येतात. ९६ टाके घाला, ते ३७ सेंमी भरतात. डोक्यापेक्षा हे कमी आहे ते मुद्दाम, ताणून बसलं की टोपडं जागेवर राहतं.

आधी १० ओळी एक टाका सुलट, एक टाका उलट अशी बॉर्डर. मग एकूण उंची १२ सेंमी होईपर्यंत एक ओळ सुलट, एक ओळ उलट. आता सुलट ओळींत टाके कमी करायचे: पहिल्या वेळी ६ विणून २ एकत्र, असं बारा वेळा, ८४ राहतील. उलट ओळ साधी. पुढच्या वेळी ५ विणून २ एकत्र, ७२. मग ४, ३, २, १ विणून, आणि शेवटी नुसते २-२ एकत्र. प्रत्येक वेळी १२ कमी होत शेवटी १२ उरतात. दोरा ४० सेंमी ठेवून कापा, १२ टाक्यांतून दोनदा ओवून ओढा आणि त्याच दोऱ्याने मागची शिवण घाला. बॉर्डर दुमडायची असेल तर शिवणीचा तेवढा भाग बाहेरून घाला.

हनुवटीखाली बांधायचे बंद लावू नका, आजीबाई कितीही म्हणाल्या तरी. झोपेत बंद गळ्याला आवळू शकतो. लोंबता गोंडाही नको, बाळ तो उपटून चघळतं. आणि टोपडं देताना आईला एवढं सांगाच की ते बाहेर नेताना घालायचं, पाळण्यात झोपवताना काढायचं. बाळाच्या अंगातली जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटेच निघते.

द्यायच्या आधी

बंडी कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवा. पिळू नका. पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने खांदे लोंबतात. इस्त्री अजिबात नको, ॲक्रिलिकची वीण चपटी होते ती परत फुलत नाही. पावसाळ्यात वाळल्यासारखी वाटली तरी आणखी एक दिवस पंख्याखाली ठेवा, नाहीतर पिशवीत कुबट वास धरतो.

डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांजवळ ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते, आणि या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते. सुती पुरचुंडीत कडुनिंबाची वाळलेली पानं पुरेत, तीही देण्याआधी काढून घ्यायची.

कधी द्यायचं हे घर बघून ठरवा. जन्माआधी बाळाचे कपडे घरात आणायचे नाहीत असा रिवाज बऱ्याच मराठी आणि कन्नड घरांत आहे. डोहाळजेवण असो की कन्नड घरातला तसाच कुबसा, त्या दिवशी ओटीत खण-नारळ द्या आणि बंडी बारशाला न्या. मैत्रिणीच्या सासूला किंवा आईला आधी विचारलेलं चांगलं. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणती लोकर, कसं धुवायचं, कितव्या महिन्याला होईल. उरलेल्या लोकरीची छोटी लडी आणि एक जादा बटणही त्याच पाकिटात घाला, बंडीचा काठ कुठे अडकून उसवला तर दुरुस्तीला तोच रंग लागतो.